मनोरुग्ण आणि परिचारिका : विश्वासाचे नाते

आपल्या देशातील काही गावांच्या वाट्याला एक विचित्र लौकिक आलेला आहे. मराठी मुलुखात कोणी जरा विसंगत बोलू लागला की, ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’ असे आपण हसत हसत म्हणतो. हिंदी मुलुखात त्याच जागी आग्र्याचे किंवा रांचीचे नाव येते. मद्रासकडचा माणूस किल्पाकचे नाव घेतो. गावे निराळी, भाषा निराळ्या. परंतु थट्टा एकच. या थट्टेच्या पोटात एक जुनी भीती दडलेली आहे. उंच भिंती, लोखंडी गज आणि आत कोंडलेली माणसे, एवढेच मनोरुग्णालयाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. त्या भिंतींच्या आत रुग्णाच्या सर्वांत निकट कोण असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ती निकटची व्यक्ती म्हणजे परिचारिका. तिच्यात आणि मनोरुग्णात विश्वासाचे नाते कसे जुळते, आणि ते जुळले नाही तर काय बिघडते, हे आज पाहावयाचे आहे.

डॉक्टर वॉर्डात येतात, रुग्णाशी बोलतात, औषधे ठरवितात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. परिचारिका मात्र पाळीपाळीने चोवीस तास तेथे असते. सकाळी रुग्ण उठला की नाही, जेवला की ताट तसेच ठेवले, रात्री झोपला की छताकडे पाहत पडून राहिला, हे तिला ठाऊक असते. कोणत्याही रुग्णालयात हे खरेच आहे. पण मनोरुग्णालयात त्याला निराळे महत्त्व येते. पाय मोडलेला मनुष्य इस्पितळात येतो तेव्हा त्याची वेदनाच त्याला तेथे आणते. आपल्याला काय झाले आहे हे तो जाणतो आणि सिस्टरने पुढे केलेली गोळी निमूटपणे घेतो. तीव्र मानसिक आजारात पुष्कळदा असे घडत नाही. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी ज्याची खात्री झाली आहे, त्याच्या दृष्टीने बिघाड शेजाऱ्यांत असतो, स्वतःत नव्हे. मग त्याने औषध का घ्यावे?

अशा माणसाला घरचे लोक इस्पितळात कसे आणतात, तेही लक्षात घेतले पाहिजे. ‘मावसबहिणीच्या लग्नाला जायचे आहे’, ‘देवदर्शनाला जाऊन येऊ’, ‘वडिलांची प्रकृती दाखवायची आहे, सोबत चल’, असे काहीतरी सांगून त्याला गाडीत बसवितात. घरच्यांचा हेतू वाईट नसतो. ते बिचारे थकलेले असतात आणि दुसरा उपाय त्यांना सुचत नाही. परंतु गाडी लग्नघरी न थांबता इस्पितळाच्या फाटकाशी थांबते. त्याच्याही आधी कित्येक महिने त्याच्या चहात किंवा आमटीत नकळत औषध कालविले गेलेले असते, आणि एखाद्या दिवशी वाटीच्या तळाशी राहिलेला पांढरा कण त्याच्या दृष्टीस पडलेला असतो. ‘माझ्या अन्नात काहीतरी घालतात’ ही त्याची तक्रार त्या दिवसापुरती तरी भ्रम नसते, ती वस्तुस्थिती असते.

परिचारिकेच्या हाती रुग्ण येतो तो असा, आपल्याच माणसांनी फसविलेला. तिच्या नात्याचा आरंभ शून्यापासून होत नाही, कर्जापासून होतो. आणि ते कर्ज दुसऱ्यांनी करून ठेवलेले असते. ते फेडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रुग्णाशी खोटे न बोलणे. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते, पण वॉर्डातील रोजच्या व्यवहारात तिच्याइतकी अवघड गोष्ट दुसरी नाही.

मनोरुग्णांच्या शुश्रूषेच्या इतिहासात ज्या सुधारणांचे श्रेय मोठ्या वैद्यांना दिले जाते, त्यांतील एका सुधारणेची सुरुवात एका साध्या सेवकाने केली होती. पॅरिसच्या बिसेत्र या रुग्णालयात वेड्यांना साखळदंडांनी जखडून ठेवीत. तेथील साखळ्या काढणारा म्हणून फिलिप पिनेल या डॉक्टरचे नाव जगभर झाले. वस्तुतः बिसेत्रमधील साखळ्या १७९७ साली काढल्या त्या जाँ-बाप्तिस्त प्युसँ याने. तो त्या विभागाचा पर्यवेक्षक होता, डॉक्टर नव्हता. गंडमाळेच्या दुखण्यासाठी तो स्वतः पूर्वी त्याच संस्थेत रुग्ण म्हणून आला होता आणि बरा झाल्यावर तेथेच कामाला राहिला होता. पिनेलने पुढे सालपेत्रिएर या स्त्रियांच्या रुग्णालयात तोच कित्ता गिरविला आणि आपल्या लिखाणात प्युसँचे ऋण मान्य केले. प्युसँचा आणखी एक नियम होता: सेवकांनी रुग्णांवर हात उगारावयाचा नाही. बरे होत आलेल्या रुग्णांतूनच तो पुष्कळदा सेवक निवडी, कारण बांधले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नसे.

या अनुभवाला शास्त्राचे रूप यावयास दीडशे वर्षे लागली. १९५२ हे साल या दृष्टीने मोठे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर प्रथम यशस्वी रीतीने वापरले गेले आणि मानसिक आजारांच्या औषधोपचाराचे नवे युग सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेचा परिचर्येतील परस्परसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील लष्करी मनोरुग्णालयात तिने काम केले होते. ग्रंथ काही वर्षे आधीच लिहून झाला होता. पण एखाद्या डॉक्टरचे नाव सहलेखक म्हणून नसताना परिचारिकेने ग्रंथ लिहावा ही कल्पनाच त्या काळी प्रकाशकांना पटेना. पेप्लाऊचे म्हणणे थोडक्यात असे की, परिचारिका आणि रुग्ण प्रथम एकमेकांस भेटतात ते दोन परकी माणसे म्हणून. मग हळूहळू ओळख होते, रुग्ण तिचे साहाय्य घेऊ लागतो, त्या साहाय्याच्या आधाराने स्वतःच्या अडचणी सोडवू लागतो, आणि शेवटी त्याला तिची गरज उरत नाही. हा सारा प्रवास उपचाराचाच भाग आहे, असे तिने ठासून मांडले. औषध आणि नाते ही दोन साधने एकाच वर्षी पुढे आली हा योगायोग खरा; परंतु त्यांचे एकमेकांवाचून चालत नाही, हा मात्र योगायोग नव्हे. विश्वास नसेल तर उत्तमातली उत्तम गोळीही जिभेखाली दडविली जाते आणि न्हाणीघरात थुंकली जाते.

आता हे नाते प्रत्यक्षात कसे उभे राहते ते पाहू. त्याची पहिली पायरी म्हणजे हाक. एखादे प्राध्यापक, एखादा गिरणी कामगार, एखादी पाच मुलांची आई वॉर्डात येते आणि सर्वांनाच सरसकट ‘ए, इकडे ये’ अशी हाक बसू लागते. आपल्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत केवढे अंतर आहे! घराबाहेर ज्याला कोणी ‘तू’ म्हटले नव्हते, त्याला आजाराने नव्हे तर त्या एका अक्षराने आपण माणसांतून उठलो असे वाटू लागते. म्हणून शहाणी परिचारिका आधी आपले नाव सांगते, आपली पाळी किती वाजेपर्यंत आहे ते सांगते आणि मग विचारते, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ काका, मावशी, आजी हे आपले आपुलकीचे शब्द. पण पन्नाशीच्या बाईला ‘आजी’ म्हटलेले रुचेलच असे नाही. तेव्हा विचारून घेतलेले बरे. रुग्ण परप्रांतीय असेल तर त्याच्या भाषेतील चार शब्दही मोठे काम करतात. ठाण्याच्या वॉर्डातील तेलुगू रुग्णाला किंवा बंगलोरच्या वॉर्डातील मराठी रुग्णाला ‘पाणी हवे का?’ एवढे आपल्या भाषेत ऐकू आले, तरी भिंती थोड्या दूर सरल्यासारख्या वाटतात.

दुसरी पायरी लहान वचनांची. ‘चार वाजता येऊन तुमच्याशी बोलते’ असे सांगितले, तर चारला यावयाचे. अडचण आली तर निरोप पाठवावयाचा. निरोगी माणूस अशा पाचदहा मिनिटांच्या चुका सहज विसरतो. ज्याच्या मनाची सारी चौकट हलली आहे, तो मात्र वॉर्डातील घड्याळाकडे पाहत बसलेला असतो. जे पाळता येणार नाही ते कबूल करू नये, हा या पायरीचा दुसरा भाग. ‘मला घरी कधी सोडणार?’ या प्रश्नाला ‘उद्या’ हे उत्तर फार सोयीचे असते, कारण त्याने आजचा दिवस निभावतो. पण उद्या उजाडतोच. ‘ते डॉक्टर ठरवितात. सोमवारी ते येतील तेव्हा तुमचा प्रश्न त्यांच्यापुढे मी स्वतः ठेवीन,’ हे उत्तर कमी गोड असले तरी सोमवारीही खरेच राहते.

तिसरी गोष्ट मौनाची. खोल विषण्णतेत बुडालेला किंवा छिन्नमनस्कतेने आत वळलेला रुग्ण दिवसचे दिवस बोलत नाही. त्याला बोलते करण्यासाठी प्रश्नांची सरबत्ती करणे व्यर्थ होय. परिचारिकेने रोज ठरल्या वेळी दहा मिनिटे त्याच्याजवळ नुसते बसावे, ‘मी थोडा वेळ येथे बसते, तुम्ही बोललेच पाहिजे असे नाही’ एवढे सांगावे आणि वेळ संपली की सांगूनच उठावे. न बोलणारा रुग्ण ऐकत नसतो असे समजू नये. अगदी निश्चल झालेले रुग्ण बरे झाल्यावर त्या काळात आपल्या खाटेपाशी कोण काय बोलले हे सांगू शकतात. म्हणूनच अशा रुग्णासमोर त्याच्याविषयी कुजबुजणे किंवा हसणे हा फार मोठा अपराध ठरतो.

चौथा आणि सर्वांत नाजूक प्रसंग भ्रमाचा. समजा, रुग्ण म्हणतो, ‘या जेवणात विष आहे.’ येथे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ‘वेड्यासारखे बोलू नका’ म्हणावे, तर तो दुखावतो आणि आपला समज अधिकच घट्ट धरतो. कारण भ्रम वादाने सुटत नाही. ‘हो, हो, खरे आहे, मी त्यांना रागावते’ म्हणावे, तर आपण त्याच्या भीतीला साक्ष देतो; शिवाय ते खोटेच. मधली वाट अशी: ‘जेवणात काही आहे असे मला वाटत नाही. पण तुम्हाला फार भीती वाटते आहे, हे मला दिसते आहे.’ पहिल्या वाक्यात सत्य आहे, दुसऱ्यात सहानुभूती आहे. त्यानंतर सर्वांसाठी असलेल्या पातेल्यातूनच त्याच्यासमोर वाढावे, चार ताटांतील एक त्यालाच उचलू द्यावे, न सोललेले केळे त्याच्या हाती द्यावे. भीती दूर करणे आपल्या हाती नसले, तरी भीतीला जागा न देणे आपल्या हाती असते.

अशा वेळी नातेवाईक पुष्कळदा परिचारिकेला गळ घालतात, ‘सिस्टर, दुधात घालून द्या ना, कळणार नाही त्याला.’ तिने याला नकार द्यावा, यात केवळ नियमाचा प्रश्न नाही. ज्याला अन्नात विष असल्याचा संशय आहे, त्याच्या अन्नात खरोखरच काही कालवावयाचे आणि ते त्याला कळावयाचे, तर त्यानंतर त्या वॉर्डातील कोणाच्याही हातचे पाणी तो पिणार नाही. औषधाचे नाव, त्याचा उपयोग, त्याने तोंडाला कोरड पडेल किंवा हात थरथरतील हा त्रास, हे सारे आधीच उघड सांगितलेले बरे. त्रास आधी सांगितलेला असला की रुग्णाला तो औषधाचा गुण वाटतो. न सांगता झाला तर तो कटाचा पुरावा ठरतो.

असे कोणी विचारील की, रुग्ण अंगावर धावून आला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर हा विश्वास काय कामाचा? प्रश्न रास्त आहे. क्वचित प्रसंगी रुग्णाला आवरावे लागते, त्याच्या इच्छेविरुद्ध इंजेक्शन द्यावे लागते. परंतु तेव्हाही आपण काय करीत आहोत आणि का, हे शांत आवाजात सांगत राहता येते. एक परिचित चेहरा सतत त्याच्या दृष्टीसमोर ठेवता येतो. आणि वादळ शमल्यावर त्याच्याजवळ बसून ‘काल काय झाले, तुम्हाला काय वाटले?’ असे विचारता येते. हे शेवटचे काम बहुधा राहून जाते. बळ वापरल्याने जी जखम होते ती पुष्कळदा बळाने होत नाही, त्यानंतरच्या अबोल्याने होते.

गुपिताचा प्रश्नही असाच. ‘कोणाला सांगणार नसाल तर एक सांगतो,’ असे रुग्ण म्हणतो. येथे घाईने वचन देणे धोक्याचे असते, कारण पुढचे वाक्य जीव देण्याविषयीचे असू शकते. ‘तुमचे बोलणे मी चारचौघांत सांगणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना सांगितल्यावाचून राहणार नाही,’ असे आधीच स्पष्ट करावे. असे सांगितले म्हणून रुग्ण गप्प बसेल ही धास्ती बाळगू नये; आपल्या जिवाची कोणाला तरी चाड आहे, हेच त्याला ऐकावयाचे असते. आत्महत्येचा विषय काढल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूतही खरी नाही. सरळ, शांतपणे विचारल्याने रुग्णाचा भार हलका होतो.

हे सर्व एकट्या परिचारिकेच्या पुण्याईवर चालत नाही. सकाळच्या सिस्टरने दिलेला शब्द रात्रपाळीच्या ब्रदरला ठाऊक नसेल, तर तो मोडणारच. म्हणून पाळी बदलताना केवळ गोळ्यांचा आणि तापमानाचा हिशेब देऊन भागत नाही. कोणाला काय कबूल केले आहे, हेही सांगावे लागते. वॉर्डातील मामा आणि मावशी यांनाही या वर्तुळात घेतले पाहिजे, कारण रुग्ण पहिले मनमोकळे वाक्य पुष्कळदा त्यांच्याशीच बोलतो. परिचारिकाही शेवटी माणूसच. तिला भीती वाटते, राग येतो, एखाद्या रुग्णाविषयी नको तितकी माया वाटू लागते. नात्याची मर्यादा सांभाळणे हेही विश्वासाचेच अंग आहे. ती रुग्णाची मैत्रीण नसते की बहीण नसते, त्याच्या बरे होण्याशी बांधलेली व्यक्ती असते. आपल्या देशात मनोरुग्ण-परिचर्येचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका अजूनही गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत. एका पाळीत डोळ्यांपुढे खाटांच्या रांगा असताना दहा मिनिटे एकाजवळ बसा असे सांगणाऱ्याने, ती दहा मिनिटे तिला कोठून मिळणार याचाही विचार केला पाहिजे.

माणसे अपुरी पडत असतानाही काय करता येते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात गर्दी फार होती आणि सेवकवर्ग तोकडा होता. तेथील अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहावयास बोलाविले. शुश्रूषेला हात मिळाले हा एक लाभ; पण मोठा लाभ निराळाच होता. घरच्यांना आजार समजला, आणि रुग्णाला आपण टाकले गेलो नाही हे कळले. दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही कुटुंबाने रुग्णासोबत राहण्याची प्रथा रुजली. याच्या उलट टोकाला तामिळनाडूतील एरवाडीची घटना आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ माणसे मृत्युमुखी पडली. बिसेत्रच्या साखळ्या निघाल्याला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

आज आपला कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे आला आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडाचा उल्लेख होता. त्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली, आणि त्याचीही जागा आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली आहे. सक्तीने डोके भादरणे त्याला मान्य नाही. रुग्णाची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे वापरता आले पाहिजेत, असे तो सांगतो. आवरण्याचा उपाय तत्काळ धोका टाळण्यापुरता आणि अन्य उपाय नसेल तेव्हाच करावा, शिक्षा म्हणून कदापि करू नये, असे त्याचे बंधन आहे. कायदा साखळी काढू शकतो. पण साखळी काढलेल्या हातात दुसरा हात ठेवण्याचे काम त्याच्याने होणार नाही. ते वॉर्डातच व्हावयाचे.

नात्याची अखेरची पायरी निरोपाची. रुग्ण घरी जातो तो दिवस आनंदाचा असला, तरी ज्याने मोठ्या कष्टाने एका माणसावर विश्वास ठेवावयास आरंभ केला, त्याला तो तुटण्याचाही दिवस वाटतो. म्हणून निरोपाची तयारी काही दिवस आधी सुरू व्हावी. औषध किती दिवस घ्यावयाचे, झोप उडू लागली तर काय समजावयाचे, पुन्हा दाखवावयास केव्हा यावयाचे, हे त्याला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगावे. आणि आजार उलटून तो परत आलाच, तर ‘पुन्हा आलात का?’ असे न म्हणता ‘बरे झाले, वेळेवर आलात’ असे म्हणावे. या दोन वाक्यांत पुढील साऱ्या उपचाराचे भवितव्य असते.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा आजार आहे, त्यांना यातून एकच विनंती करावीशी वाटते. आपल्या माणसाला डॉक्टरकडे नेताना लग्नाचे किंवा देवदर्शनाचे निमित्त सांगू नका. ‘तुला झोप नाही, तुझे हाल आम्हाला पाहवत नाहीत, म्हणून आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी तुझ्याबरोबर थांबेन,’ असे सांगा. तो चिडेल, नाही म्हणेल, कदाचित चार दिवस अधिक लागतील. त्या चार दिवसांत कोणाच्या जिवाला धोका दिसला तर अर्थातच थांबू नये, त्वरेने मदत मागावी. पण तेव्हाही कोठे चाललो आहोत हे खरेच सांगावे. फाटकाशी पोचल्यावर त्याला निदान एवढे तरी ठाऊक असेल की, आपल्या माणसांनी आपल्याला फसविलेले नाही. आत जी परिचारिका त्याची वाट पाहत असेल, तिच्या कामाचा अर्धा भार तुम्ही बाहेरच उतरविलेला असेल.